घाटातली चाचणी राहूनच गेली

साहेब, मला घाटानं मारलं नाही. तुम्ही मारलं. आणि मी एकटी मेले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. बुलढाण्याच्या एका आवारात चाकांविना विटांवर उभी आहे. पूर्वी मी घाटाखालच्या दवाखान्यात होते. महाराष्ट्र राज्य नवं होतं, रस्ता कच्चा होता आणि माझं इंजिन दमलेलं होतं. अडलेली बाई वरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला राजूर घाट चढताना मला धाप लागायची. बैलगाडीवाले माझ्या शालिग्राम ड्रायव्हरला हिणवायचे, "उतरून ढकल बे, नाहीतं आमच्या गाडीले बांध!"

म्हणून साहेब, दवाखान्याचे प्रमुख या नात्यानं तुम्ही माझा कायापालट ठरवलात. रंगराव मिस्त्रीनं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासून आतला दाब वाढवला, मोठा कार्बोरेटर बसवला. अंगात दहा बैल संचारले! पण ताकद आली म्हणजे ताळमेळ आला असं नसतं. पेट्रोल पेटवणारी ठिणगी नेमकी कधी पडावी, हे नव्यानं जुळवावं लागतं. क्षणभर आधी पडली, तर स्फोट वर येणाऱ्या पिस्टनच्याच डोक्यावर घण घालतो.

रंगराव बोनेटमध्ये वाकून म्हणाला, "साहेब, इथं सपाटीवर गोड बोलून राह्यली. चढावर खरं बोलन. एक डाव माणसं भरून घाटात नेऊ द्या मले."

"मुहूर्त टळतोय," तुम्ही म्हणालात. "पाहुणे ताटकळलेत. उद्या न्या."

रंगरावनं हात पुसले आणि बोनेट लावून टाकलं. नारळ फुटला, झेंडूचा हार पडला, टाळ्या झाल्या. तो उद्या काही उजाडला नाही. तुम्ही मला सपाटीवर दौऱ्यांना पळवलंत, लग्नांना पळवलंत. लोक वाहवा करत राहिले.

मग कोकिळा अडली. पहिलटकरीण पोर. शालिग्रामनं तिला मागे निजवलं, उशाशी तिची आई सिंधूताई. पहिल्याच वळणावर माझ्या पोटात ठणठण सुरू झाली.

"इंजिन ठोकून राह्यलं!" शालिग्राम ओरडला. पण थांबणार कसा? मागे पोरगी किंचाळत होती. सिंधूताई माझ्या पत्र्यावरून हात फिरवत होती, जणू अडून बसलेली गाय पान्हवायची आहे. "चाल वो माय, चाल. आलं पाह्य वरचं गाव."

मला चालायचं होतं हो. सगळ्या लोखंडानिशी चालायचं होतं. पिस्टन फुटला.

शालिग्रामनं कोकिळेला दोन्ही हातांवर उचललं आणि चढ धरला. पुढच्या वळणावर तो खाली बसला. सिंधूताईचा हंबरडा ऐकला, तेव्हा मला कळलं, कोकिळा गेली.

तुम्ही म्हणालात, "गाडीच खटारा होती."

मित्रांनो, यंत्राला हार नंतर घाला. आधी त्याला चढावर नेऊन त्याचं ऐका. तेच त्याचं खरं कौतुक.

साहेब, सिंधूताई अजून बाजाराला आली की इथं येते. पत्र्यावर तोच हात ठेवते अन् विचारते, "काऊन थांबली वो माय?"

मला तोंड नाही. तुम्हाला आहे. या इथं, तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा, मी का थांबले?