दीड हाताची जागा

स्वयंपाकघर मोडून नवं करायचं ठरलं, तेव्हा मला एकच गोष्ट विचारली गेली. पांढरं की फिकट हिरवं?

नागपूरच्या दुकानातून रेफ्रिजरेटरचं चोपडं आलं होतं, गुळगुळीत कागदाचं. आमचे हे राईस मिलमधून दुपारी जेवायला आले की ताटाशेजारी ते उघडून बसत. खाली बसून रांधायची चूल जाऊन उभ्यानं रांधायचा ओटा येणार होता आणि ओट्याच्या नि दाराच्या मध्ये ती पेटी. सगळ्या गोंदियात तेव्हा अशा पेट्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतील.

"रंग तू पसंत कर," हे म्हणाले. "स्वयंपाकघर तुझंच होय."

सासूबाई दाराशी तांदूळ निवडत होत्या. "शिळं ठेवाची आलमारी," त्या म्हणाल्या. "येवढे पैसे देऊन बासी खाऊन राहिले लोक. आमी त फुकटात खाल्लं जनमभर."

मला रंगाचं काही नव्हतं. मला खिडकी हवी होती.

खिडकीतून परस दिसतं आणि परसात विहीर आहे. माझा चैतू चौदा महिन्यांचा, नुकता पाय फुटलेला. विहिरीचा कठडा त्याच्या छातीला लागतो, एवढाच. विहीर आमची आणि शेजारच्या छोटेलालजींची सामाईक. कठडा उंच केला तर त्यांच्या घरच्या बायांना दोर ओढायला जड जाईल, म्हणून तो तसाच. मी रांधत असले की सासूबाई परसात खाटेवर बसून नातवाला राखतात, पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना तुळस आणि चैतू सारखेच दिसतात. म्हणून मी दर पोळीला एकदा खिडकीतून बघायची. पोळी उलटायची, बघायचं. पोळी फुगली, बघायचं. खाली बसून रांधताना त्यासाठी उठावं लागे. आता उभ्यानंच दिसेल, या आनंदात मी चूल मोडायला हो म्हटलं होतं.

उदाराम मिस्त्रीनं ओटा बांधायला घेतला त्या सकाळी हे घाईत होते. स्वतःचा हात कोपरापासून पुढे धरून म्हणाले, "इथं दीड हात सोड." आणि मिलमध्ये गेले. उदारामनं दीड हात जागा सोडली. स्वतःच्या हातानं. हे चांगले उंच, आणि उदाराम ओट्याशी उभा राहिला तर ओटा त्याच्या बरगड्यांना लागतो.

ओटा वाळला, वर फरशी बसली, मग ह्यांनी चोपड्यातले इंच फीत लावून पाहिले. जागा चार बोटं कमी.

"दीड हात सांगतली होती ना?"

"दीडच हाय, मालक. मोजा," उदाराम म्हणाला आणि आपला हात भिंतीला लावून दाखवला. बरोबर दीड.

मी चोपडं घेतलं. शेवटच्या पानावर एक लहान पेटी होती, राकेलवर चालणारी. आमच्या डॉक्टरांकडे औषधांसाठी तसलीच आहे. तिचे इंच त्या जागेत बसत होते. मी पानावर बोट ठेवून म्हटलं, "ही घेऊ. ही बसते. आपल्याला दूध आणि भाजीच तर ठेवायची."

ह्यांनी पान पाहिलं. "दवाखान्यातली पेटी घरात? लोक काय म्हणतील? वरून राकेलचा वास. मोठी खिडकीच्या भिंतीला लावू."

"मग खिडकी?"

"बुजवावी लागेल. मशीनला मागून पावसाची झड लागली तर गेलं."

"अहो, चैतू परसात असतो."

"आई आहे ना तिथं." मग जरा मऊ आवाजात, "तू रंग सांग."

मी पांढरा सांगितला. काहीतरी सांगायला हवं होतं.

खिडकी अर्ध्या दिवसात बुजली. पेटी आली, तिला हळदकुंकू लागलं, शेजारपाजारच्या बाया बर्फ हातात घेऊन हसल्या. ह्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. संध्याकाळी मी चैतूच्या पायात घुंगरांचे वाळे घातले. डोळ्यांनी नाही तर कानांनी राखू.

पण पेटी गुरगुरते. मांजर पोटात घेऊन बसल्यासारखी, थांबते आणि पुन्हा सुरू होते. तिच्या गुरगुरण्यात घुंगरू बुडून जातात. म्हणून चैतू परसात असला की मी तिचं बटण बंद करू लागले. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर होतं ते. सकाळी रांधताना बंद, मग चालू. दुपारी बंद. कधी चालू करायची विसरायची.

दोनदा दूध नासलं. तिसऱ्यांदा ह्यांनी नागपूरहून माणूस बोलावला. त्यानं सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मशीन एकदम ठीक है, सेठजी. कोई स्विच बंद करता होगा."

"चैतूचा हात लागत असेल," हे म्हणाले.

"पोट्टा लय बदमाश होऊन राहिला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मी मान हलवली. लेकराच्या नावावर माझी चोरी घातली. तो तेव्हा माझ्या कडेवर होता आणि माझ्या गळ्यातल्या पोतीचा मणी चोखत होता.

"बटण वर घेऊन टाक," ह्यांनी उदारामला निरोप धाडला. "चार हात वर."

दुसऱ्या दिवशी उदाराम वायरवाल्याला घेऊन आला. घरात हे नव्हते. मी पाण्याचा गडवा पुढे करत हळूच म्हटलं, "उदारामभाऊ, तुमच्या हातानं मोजा ना."

त्यानं गडवा खाली ठेवला. त्याचे डोळे ओशाळले. "नाई बाई. एक डाव माह्या हातानं मोजलं आन् तुमची खिडकी गेली. मले मालूम हाय. आता चूक नाई होनार." त्यानं खिशातून सुतळी काढली. मिलमध्ये जाऊन मालकाच्या हाताचं माप घेऊन आला होता, गाठ मारून. चार वेळा सुतळी भिंतीवर धरली आणि खूण केली. अगदी मन लावून.

मी टाचा उंचावते. चार बोटं कमी पडतात. पाटावर पाट रचला तर पोचते, पण रांधायच्या वेळी सगळे पाट मिलमधून जेवायला येणाऱ्यांखाली असतात.

आता मी पोळी उलटते आणि हाक मारते. पोळी फुगली, हाक मारते. "चैतू." मिलमधली जेवायला बसलेली माणसं हसतात, सूनबाईची जपमाळ सुरू झाली म्हणतात. चैतू ओ द्यायला शिकला आहे. पेटी थांबलेली असली तर ऐकू येतं. ती गुरगुरत असली तर मी तवा तसाच टाकून दाराकडे धावते, आणि मागून हे म्हणतात, "अगं, पोळी जळाली."