जावयाच्या तोंडातला हात

लांडग्याला आम्ही जावई म्हणायचो. सगळ्यांनी पुढे पुढे करायचं आणि तरी कधी चावेल याचा नेम नाही, म्हणून. त्याची हाडं आणि जबडा माझ्या थोरल्या भावाने केला, कातडं मी शिवलं. सिनेमांसाठी खोटे प्राणी करणं हाच आम्हा दोघांचा धंदा. पण टेम्पोएवढा प्राणी पहिल्यांदाच केला होता.

सिनेमा उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या पुराणावरचा. देवांच्या घरी वाढलेला लांडगा इतका मोठा होतो, की देवांनाच त्याची धास्ती बसते. ते म्हणतात, गंमत म्हणून ही रेशमी फीत बांधून घे, नाही तुटली तर सोडू. लांडगा म्हणतो, मग तोवर एकाने माझ्या तोंडात हात ठेवा. एकच देव पुढे होतो. फीत तुटत नाही, लांडग्याला कोणी सोडत नाही, हात जातो. बाकीचे देव हसतात. त्या तुटक्या मनगटातून आमचा सुपरहिरो जन्माला येणार होता. तोवरची गोष्ट पुराणाची, पुढची मारामारी दिग्दर्शकाची.

जबडा हवेच्या दाबावर मिटायचा. बटण दाबलं की फस्स, मग खट्. तो पुरता मिटू नये म्हणून बिजागरीत अंगठ्याएवढी लाकडी पाचर असायची. ती असली की दातांमध्ये हात मावेल एवढी फट राहायची. पाचर जागेवर आहे का ते दिसावं म्हणून मी कानामागच्या कातड्यात एक चीर उघडी ठेवली होती. आणि दादाचा नियम होता, नटाच्या आधी करणाऱ्याचा हात. वीस वर्षांत मगर म्हणू नका, अस्वल म्हणू नका, प्रत्येकाच्या तोंडात आधी त्याचा हात जाऊन आला होता. "आपण केलेल्याने निदान आपल्याला तरी ओळखावं," म्हणायचा.

आदल्या दुपारी दिग्दर्शक आले. जावयाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "दात रबराचे वाटतायत. आणि ही चीर कॅमेऱ्यात येतेय, शिवून टाका."

दादाने ॲल्युमिनियमचे दात बसवले. मी रेशमी फीत रंगवून परत आले तेव्हा तो हात पुसत बाहेर निघाला होता.

"झालं माझं," तो म्हणाला. "आता तू शिव, चिमणे."

पन्नाशीच्या बाईला चिमणी म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय. मी शिवायला बसले. टाके असे बारीक घातले की मलाच सापडेनात.

सकाळी सेटवर खोटा बर्फ पसरला होता. दाढ्या चिकटवलेले आठ देव कोपऱ्यात हसण्याची तालीम करत होते. हिरो बाह्या सरसावत दादाला म्हणाला, "काका, तुमच्या जावयाला सांगा, मी शाकाहारी नाही, पण तो असू दे."

"आधी मी," दादा म्हणाला आणि त्याने हात कोपरापर्यंत आत घातला. "तीन म्हटलं की दाब रे."

मी जबड्याशेजारीच होते. जावयाच्या गळ्यातली रेशमी फीत एका जागी उसवली होती. दोरा काढायला मी माझा पत्र्याचा डबा उघडला.

रिळांच्या मधोमध पाचर पडली होती.

लहानपणापासून आमच्या घरची रीत, हरवू नये ते माझ्या डब्यात. पडलेले दात, किल्ल्या, आईचं कानातलं. दात बसवताना दादाने पाचर काढली आणि सवयीने डब्यात ठेवली. चिमणी शिवायला दोरा घेईल तेव्हा तिला दिसेल, ती बसवेल, मग शिवेल. त्याचा हिशोब चुकला नव्हता. फक्त काल ओवलेली सुई माझ्या खांद्यावर आधीच टोचलेली होती, डबा मी उघडलाच नव्हता.

"एक," दादा म्हणाला.

"दादा, हात काढ!"

देव जोरात हसले. त्यात माझा आवाज बुडाला.

"दोन."

मी डबा झाकणासकट जबड्यात खुपसला.

"तीन."

फस्स. खट्. डबा वहीसारखा चपटा झाला, पण जबडा क्षणभर अडला. तेवढ्यात दादाने हात ओढला. बाही आतच राहिली. मनगटावर दातांच्या चार लाल रेघा उमटल्या.

"वा!" दिग्दर्शक पडद्यामागून ओरडले. "पुरता मिटतो होय हा? मग इतके दिवस का नाही मिटवला? हाच आवाज पाहिजे. टेक घेऊ."

"पाचर बसवायची राहिलीय," मी म्हणाले.

"पाचरेने पोकळ वाटतं हो. हा काढेल की हात वेळेवर." त्यांनी हिरोच्या पाठीवर थाप मारली. हिरो जबड्यात लोंबणाऱ्या बाहीकडे बघत होता.

दादा म्हणाला, "मग आधी तुमचा हात."

दिग्दर्शक हसले. दुसरं कोणी हसलं नाही, देवसुद्धा नाहीत. मग त्यांनी हात जॅकेटच्या खिशात घातला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

मी शिवण कापली. दादाने नवी पाचर तासून ठोकली आणि पुन्हा हात आत घातला. बटणवाला थांबला होता, पण दादा एक-दोन म्हणेचना. जबड्याकडे न बघता तो माझ्याकडे बघत होता.

"चिमणे, नीट बघितलंस ना?"

वीस वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं.