परतीची कुस्ती

गेथिन मास्तरला जपानच्या या बेटावर पहिल्यांदा आपटलं ते गोइचीनं, आणि दोस्ती जमली ती तिथूनच. मास्तर वेल्सचा, आकाउरा वाडीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेला, अंगानं दरवाजाएवढा. येऊन आठवडाही झाला नसेल, तोच देवळामागच्या सुमो कुस्तीच्या आखाड्यापाशी उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाला, "मी पण." गोइची पिढीजात मच्छीमार, माकूळ पकडणारा, पंचेचाळिशीचा गडी. त्यानं मास्तरच्या कमरेच्या पट्ट्यात हात घातला आणि त्याला तोंडावर पाडलं. मास्तर उठला तेव्हा नाकातून रक्त गळत होतं आणि तो हसत होता. "पुन्हा," म्हणाला. माणूस आपल्यातला आहे, हे गोइचीनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मग रोजचंच झालं. संध्याकाळी आखाडा, आणि अंग ठणकायला लागलं की शेजारच्या नाकासे वाडीच्या बंदरावर सायोच्या खानावळीत बिअर आणि भाजलेला बांगडा. सायो गोइचीची भावजय. तिच्या हातचं खायला दोन्ही वाड्यांतली माणसं यायची.

"मास्तर, तुमच्याकडे पडताना काय म्हणतात?" हेइता न्हावी विचारायचा.

"पडताना काही नाही. उठल्यावर शिव्या."

"मग गोइचीदादाच्या कृपेनं तुमचा शिव्यांचा अभ्यास जोरात चाललाय म्हणायचा!"

सगळे टेबलावर हात आपटून हसायचे. परक्या मुलखात एकट्या माणसाला असं हसणारं टेबल मिळणं म्हणजे नशीबच. मास्तरलाही ते कळत होतं. घरी फोन करून तो आईला या लोकांची नावं सांगायचा.

एका संध्याकाळी सायोनं ताट डाव्या हातानं ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं काडी लावून बांधलेली होती.

"हाताला काय झालं?" मास्तरनं विचारलं.

"दारात सापडली," सायो म्हणाली आणि आत गेली.

टेबलावरचं हसणं बंद पडलं. हेइता बाटलीवरचा कागद नखानं खरवडत बसला. परतताना मास्तरनं गोइचीला अडवलं.

"कुठल्या दारात?"

"बेट लहान आहे, मास्तर. इथं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, म्हणून कुणी विचारत नाही."

दाराचं नाव कुनिहिरो. गोइचीचा सख्खा धाकटा भाऊ, सायोचा नवरा आणि तिच्या घरचा घरजावई. पोरवयापासून त्याचा हात सैल. एकदा भर जेवणात त्यानं बापाच्या कानशिलात अशी ठेवून दिली होती की म्हातारा त्या कानानं परत ऐकू शकला नाही. त्यानंतर सायोचे वडील एकुलत्या मुलीसाठी घरजावई शोधत आले. गोइचीनं त्यांच्यासमोर भावाची तोंड भरून स्तुती केली. कामाला वाघ आहे, म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण उरलेलं त्यानं गिळलं. कुनिहिरोची ट्रंक नाकासेला पोचवून आला त्या दिवशी गोइची शांत झोपला होता. सायोचे वडील पुढं वारले आणि त्या घरात कुनिहिरोला बोलणारं कुणी उरलं नाही.

उन्हाळा संपता संपता बंदराचा नवा धक्का बांधून झाला आणि बेटाच्या रीतीप्रमाणे देवापुढं कुस्त्या ठरल्या. आकाउरा विरुद्ध नाकासे. या बेटावर प्रत्येक जोडी दोनदा लढते. पहिली कुस्ती खरी, हाडं मोडेपर्यंत. दुसरी परतीची. तीत पहिली जिंकणाऱ्यानं आपण होऊन पडायचं. एक तुझी, एक माझी. उद्या एकाच पाण्यात जाळी टाकायची असतात, एकमेकांच्या मयताला खांदा द्यायचा असतो, म्हणून कुणी हरून घरी जायचं नाही.

आकाउराकडून मास्तर. समोर नाकासेचा कुनिहिरो. जोडी जाहीर झाली तशी मास्तर पहिल्यांदाच हसला नाही.

"पहिली मी जिंकणार," तो गोइचीला म्हणाला. "दुसरीही मीच जिंकणार."

"असं करू नका."

"का? तुमचा भाऊ म्हणून?"

"चारचौघांत दोनदा पडून तो घरी गेला तर राग कुणावर काढेल, मास्तर?"

"आणि जिंकून गेला तर काढणार नाही?"

गोइचीनं नुसतेच हात जोडले. शेवटी मास्तर म्हणाला, "पडतो. तिच्यासाठी पडतो. तुमच्या रीतीसाठी नाही."

कुस्त्या रात्रभर चालल्या. या दोघांचा नंबर लागला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. दोन्ही वाड्या आखाड्याभोवती दाटल्या होत्या आणि माणसं मुठी भरभरून शुद्धीचं मीठ उधळत होती. पंच होते तोकुझो आजोबा. त्यांनी हातातला पंचाचा पंखा खाली केला आणि दोघं एकमेकांवर धावले. डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. कुनिहिरोची भुवई फाटली, त्याचा एक डोळा रक्तानं बुजला. त्यानं मास्तरच्या गळ्याखाली पंजे हाणले, एकामागून एक, मास्तरची मान मागं जाईपर्यंत. मास्तरच्या तोंडातून लाळ आणि रक्त एकत्रच आलं. तो हटला नाही. त्यानं खालून पट्टा धरला, कुनिहिरोला जमिनीवरून उचललं आणि कडेच्या पेंढ्याच्या दोरापलीकडे थेट माणसांत फेकलं. खाली दोन म्हाताऱ्या सापडता सापडता वाचल्या. आकाउरानं आभाळ डोक्यावर घेतलं.

गोइची ओरडला नाही. गर्दीच्या पलीकडच्या कडेला सायो उभी होती. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. तिचं लक्ष मास्तरकडे नव्हतं. धूळ झटकत उठणाऱ्या नवऱ्याकडे ती बघत होती, आणि संध्याकाळी आपल्याला काय भोगावं लागेल हे तिला आत्ताच दिसत होतं.

परतीच्या कुस्तीला मास्तर शब्दाला जागला. संथपणे पुढं आला, छाती मोकळी सोडली, हात वर ठेवले. अशा वेळी समोरच्यानं आपल्याला झोपलेल्या पोरासारखं अलगद खाली ठेवायचं असतं. कुनिहिरोनं त्याचा उजवा दंड काखेत आवळला. मास्तर आपणहून पडायलाच लागला होता. तो पडत असताना कुनिहिरोनं तो हात उलटा पिळला आणि सगळं वजन त्यावर टाकलं. खांदा कडकन वाजला. मास्तरच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. कुनिहिरो तेवढ्यावर थांबला नाही. त्याच्या छातीवर गुडघा रोवून त्यानं मूठ वळली आणि मास्तरच्या तोंडावर मारली. मग परत. आणि परत.

"मूठ नाही! कुनिहिरो, मूठ नाही!" तोकुझो आजोबा पंखा आपटत होते.

दोन वाड्यांतले तगडे पुरुष तिथं उभे होते, आणि एकही हलला नाही. कुनिहिरो जिंकला होता ना. हिशेब बरोबर झाला होता. अशी ही आमची शहाणी माणसं.

तेवढ्यात सायो दोर ओलांडून आखाड्यात शिरली.

आता मात्र सगळ्यांना कंठ फुटला. "बाई! आखाड्यात बाई!" माणसाचं हाड मोडताना गप्प बसलेली तोंडं एकदम उघडली. "बाहेर काढा तिला! विटाळ झाला!" सायोनं कुणाकडे पाहिलं नाही. मास्तरचं रक्तानं माखलेलं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि बाहीच्या कापडानं त्याचं तोंड पुसायला लागली. कुनिहिरो पुढं झाला. सगळ्या बेटासमोर त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला मागं ओढलं.

गोइची आत कसा गेला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. नमस्कार नाही, मीठ नाही, अंगात सणाचा निळा सदरा तसाच. त्यानं डोकं खाली घालून भावाच्या बरगड्यांत धडक मारली. सायोचे केस सुटले. कुनिहिरो उठला, त्यानं गोइचीचा कान दातांत धरला. कानाचा तुकडा गेला. गोइचीनं त्याचा जबडा हातानं मागं ढकलला, पट्ट्याला धरून त्याला फरफटत नेलं आणि आखाड्यावरच्या छपराच्या कोपऱ्यातल्या खांबावर आपटलं. परत आपटलं. दात पडले. कुनिहिरोच्या अंगातला जोर संपला, तो खांबाला घसटत खाली बसला, तरी गोइची मारत होता. बापाच्या कानासाठी मारत होता, सायोच्या बोटांसाठी मारत होता. ट्रंक पोचवून शांत झोपलेल्या स्वतःलाच मारत होता म्हटलं तरी चालेल.

"गोइची, पुरे!" तोकुझो आजोबा घोगऱ्या आवाजात ओरडले. आणि जन्मभराच्या सवयीनं पुढं म्हणाले, "परतीची द्यायची आहे त्याला!"

"देणार नाही," गोइची म्हणाला.

त्याला वाटलं, आता सायो रडेल. हात जोडेल. निदान 'दादा' म्हणून हाक तरी मारेल. तिनं हाक मारली.

"दादा, मास्तरचा खांदा मोडला तेव्हा उठलात. माझी बोटं मोडली त्या संध्याकाळी माझ्याच खानावळीत बसून बांगडा खात होतात."

गोइचीच्या कानातून रक्त मानेवर ओघळत होतं.

"मी मास्तरांना दवाखान्याच्या होडीवर नेते," ती म्हणाली. हेइता आणि आणखी दोघांनी तोवर मास्तरला उचललं होतं. मास्तर शुद्धीवर होता, दात आवळून गोइचीकडे बघत होता. त्या बघण्यात राग नव्हता, पण जुनं हसूही नव्हतं. सायो दोन पावलं गेली आणि वळली. "याला तुमच्या घरी घेऊन जा. तुम्हीच आणून घातला होतात आमच्या दारात. सामान मी उद्या पाठवते."

"नेतो," गोइची म्हणाला.

आखाडा रिकामा झाला. शुद्धीसाठी कुणीतरी पोतंभर मीठ आणून ओतत होतं. गोइचीनं भावाचा हात आपल्या मानेत घेतला, त्याला उभं केलं आणि आकाउराच्या चढाला लागला. कुनिहिरो वाटेत काहीतरी पुटपुटत होता. शिव्याच असाव्यात. घरी गोइचीची बायको सणाचा भात शिजवत असणार, दोन्ही मुली नवे किमोनो घालून बसलेल्या असणार. कुनिहिरोला कुठल्या खोलीत ठेवायचं याचा तो विचार करत होता. त्यांच्या घरात सगळी कागदी सरकती दारं होती आणि त्यातल्या एकालाही कडी नव्हती.