मेणाचा हात

मेणाचा हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेपाच इंच होता. करंगळी अंगठ्याइतकी जाड होती. साचा झिजलेला असावा. जुलै संपत आला तरी पाऊस नव्हता, आणि आईच्या मुठीतल्या उबेनं तो हात मधोमध वाकायला लागला होता.

आईचा स्वतःचा हात कधीच दुखला नव्हता. त्या रांगेत हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

साल बहात्तर. सोनईपासून पाच मैलांवरच्या आमच्या गावात मारियामातेच्या आईचा, संत आन्नाचा सण होता. सणाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की दुखणाईत माणसं पुतळ्यापुढं रांग लावतात. ज्याचं जे दुखतं, त्याचा मेणाचा आकार वाहायचा. पाय, डोळा, डोकं, असं सगळं मुंबईची एक बाई टोपलीत घेऊन येते. गावात प्रार्थना शिकवणारे भिमाजी मास्तर ताट धरून उभे असतात. ते विचारतात, "कुणासाठी? कशासाठी?" मिळालेलं उत्तर खड्या आवाजात सगळ्यांना ऐकवतात. मग सगळे म्हणतात, "संत आन्ना, आम्हासाठी विनंती कर."

गाठ आईच्या डाव्या स्तनात होती. मार्चमध्ये तिला न्हाऊ घालताना माझ्या बोटांना लागली. मी राहुरीला शाळेत विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण गाठ दुखत नव्हती, सरकत नव्हती आणि दगडासारखी कठीण होती. त्याचा अर्थ काय असू शकतो, हे मी वाचलेलं होतं.

"कधीपासून आहे?" मी विचारलं.

"गेल्या सणाच्या आधीपास्नं. तवा बोराएवढी हुती."

आता ती लिंबाएवढी होती.

गेल्या सणाला टोपलीत छातीचाही आकार होता. पण भिमाजी मास्तरांपुढं त्याचं नाव घ्यायचं कसं, आणि त्यांनी ते गावाला ऐकवायचं कसं? आईनं टोपलीतला मेणाचा हात उचलला. "खडी फोडून दुखतोय," असं तिनं सांगितलं. अर्धं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. कुणालाच नवल वाटलं नाही.

नगरच्या दवाखान्यात चल, असं मी दर रविवारी सांगत होते. आधी ती म्हणाली, ईस्टर होऊ दे. मग मे, मारियामातेचा महिना, सरू दे. मग सण. माझी आक्काबाई मावशी असल्याच गाठीसाठी नगरला गेली होती आणि बैलगाडीतून झाकून परत आली. मावशीला न्यायलाच उशीर झाला होता, हे मी कितीदा समजावलं. आईला बैलगाडीच आठवायची. खरं तर मलाही तीच आठवायची.

गावी आले की गाठीच्या ओढीनं तिचा डावा हात खांद्यातून किती वर जातो, ते मी तिच्या नकळत पाहायचे. मार्चमध्ये कपाळापर्यंत जात होता. जूनमध्ये खांद्यापर्यंत. आज सकाळी डोक्यावरचा पदर तिनं उजव्या हातानं सारखा केला.

रांगेत आमच्यापुढं गोजरबाई होती, मेणाचा गुडघा घेऊन. ती मागं वळली.

"काय गं भागूबाई, अवंदा बी हातच? आन्नामाय बहिरी झाली का काय?"

बाया हसल्या. गोजरबाईला जोर आला. "का तू सांगितला डावा आन् तिनं बरा केला उजवा?"

आईही हसली. रांग दोन पावलं सरकली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पुष्पे."

"काय?"

"ह्यो हात वरीसभर एक दिस दुखला न्हाई. माझ्या जोडीच्या बाया खडी फोडून फोडून रडत्यात. मला काय बी न्हाई."

"हं."

"तिनं ऐकलं गं. मी जे सांगितलं, तेच तिनं राखलं."

आता ती तो छातीचा आकार आणायला सांगेल, तो वाहील आणि पुढच्या सणापर्यंत वाट पाहील. बोराचं लिंबू व्हायला एक वर्ष लागलं होतं. पुढच्या सणाला या रांगेत मी एकटी असेन, असं मला स्पष्ट दिसलं.

"टोपलीतून ते आणू का?" मी विचारलं.

"नगं."

गोजरबाईचा गुडघा ताटात पडला, सगळ्यांनी विनंती म्हटली आणि ती बाजूला झाली.

"कुणासाठी?" भिमाजी मास्तरांनी विचारलं.

"माझ्यासाठी. भागूबाई."

"कशासाठी?" विचारता विचारता त्यांची नजर मेणाच्या हाताकडं गेलीच होती. सांगायला त्यांनी श्वासही भरून घेतला.

आईनं तो हात ताटात ठेवला नाही. माझ्या तळव्यावर ठेवला. तो ऊन लागत होता आणि पार दुमडला होता. तिनं मास्तरांकडं पाहिलं नाही. वर पुतळ्याकडं पाहिलं, जिथं संत आन्ना लेकीला जवळ घेऊन पुस्तक वाचायला शिकवते.

"हातासाठी न्हाई, मास्तर. गेल्या साली मी खोटं बोलले, आन् वरीस वाया घालवलं. छातीत गाठ हाय."

मास्तरांचा भरलेला श्वास तसाच राहिला. मागून कुणीच विनंती म्हटली नाही. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला.

मग जे मास्तरांनी ऐकवायचं, ते आईनंच गावाकडं वळून खड्या आवाजात ऐकवलं.

"उद्या सकाळच्या यष्टीनं मी पुष्पीसंगं नगरला जाते. कापायची म्हनले, तर कापू देनार हाय."