खिडक्या उघडणारा पेचकस

मित्रांनो, मी एक जुना पेचकस. माझे भाऊ मोटारी आणि रेडिओ खोलायला गेले. मी मात्र आरोग्य निरीक्षक ताईंच्या पिशवीत येऊन पडलो. सुरुवातीला मी नाक मुरडलं. डॉक्टर माणसं तपासतात. आमच्या ताई तपासायच्या पाण्याच्या टाक्या, गटारं आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरं. कुठलं झाकण निघत नसलं, जाळी अडकली, की मला बाहेर काढायच्या. वासाचं तर विचारूच नका!

मग साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानांची शटरं खाली आली, आणि ताईंना मात्र दम खायला फुरसत उरली नाही. आजाऱ्यांसाठी शाळेच्या खोल्या तयार करायच्या, तिथलं पाणी तपासायचं, कचरा वेगळा न्यायला लावायचा, हवा खेळती आहे का ते बघायचं. किती जाम खिडक्या मी मोकळ्या केल्या म्हणून सांगू! ताईंनी मला पुसून पिशवीत ठेवलं, की माझी मान ताठ व्हायची.

साथ ओसरू लागली, तशी बंद पडलेली कामं सुरू व्हायची वेळ आली. एका शिवणकारखान्याला परवानगी द्यायला ताई गेल्या. त्यांच्या वहिनी तिथेच शर्ट शिवायच्या. आत मशिनी दाटीवाटीने मांडलेल्या, आणि पांढऱ्या कापडावर धूळ बसू नये म्हणून सगळ्या खिडक्या स्क्रू मारून पक्क्या केलेल्या. ताईंनी सांगितलं, "खिडक्या उघडल्याशिवाय कारखाना सुरू होणार नाही."

मालक वैतागले. "सुतार मिळत नाही हो. उद्या सुरू झालं नाही तर आलेलं काम जाईल. मग बायकांना घरीच बसवतो!"

त्या संध्याकाळी वहिनींनी ताटं आदळली. "जगाची काळजी करा ताई, आणि घरच्यांच्या पोटावर पाय द्या! तुमच्या भावाचं काम सुटलंय, विसरलात?"

ताईंनी ताट बाजूला सारलं. सही करणं सोपं होतं. पण त्या कोंडलेल्या खोलीत एकीला ताप आला, तर तो सगळ्याजणींना गाठणार, आणि त्यात वहिनीही असणार. याचीच त्यांना धास्ती होती.

सकाळी ताई मला घेऊन कारखान्यात गेल्या आणि स्वतःच स्टुलावर चढल्या. स्क्रू गंजलेले. माझ्या टोकाचा टवका उडाला, ताईंचा तळहात सोलवटला. वहिनी दारातून बघत होत्या. शेवटी पदर खोचून आल्या. "उतरा खाली! स्क्रू काढताय की गोंजारताय त्याला?" त्यांनी माझी मूठ आवळली, मी करकरलो, आणि खिडकी उघडली. मग काय, दोघींनी मिळून सगळ्याच उघडल्या. मशिनी लांब लांब मांडून घेतल्या आणि ताईंनी सही केली.

पुढे वहिनींच्या शेजारच्या मशिनीवरची बाई आजारी पडली. वहिनी घरात वेगळ्या खोलीत राहिल्या. ताई दाराबाहेर जेवण ठेवायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. तपासणीत वहिनींना काहीच निघालं नाही, इतर बायकांनाही नाही. ते खिडक्यांमुळेच झालं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ताई ढसाढसा रडल्या, हे मी पिशवीतून ऐकलं.

आता मी वहिनींच्या घरी खणात गंजत पडलोय. ताईंची दुसऱ्या गावी बदली झाली, घराबाहेर त्यांची आठवणही कोणी काढत नाही. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल आभार कोण मानणार? मला याचं फार वाईट वाटतं. मित्रांनो, तुमच्या वर्गाची खिडकी जाम असेल, टाकीचं झाकण उघडं असेल, तर गप्प बसू नका. आणि अशी ताई तपासायला आली, तर तिला आधी बसायला खुर्ची द्या.

परवा थंडीचं निमित्त करून मालकांनी पुन्हा स्क्रू आणले. वहिनी मशिनीवरून उठल्या आणि खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या. घरी येऊन त्यांनी ताईंना फोनवर सांगितलं, ते मी खणातून ऐकलं. "मी म्हटलं त्यांना, मारा खुशाल स्क्रू. पण आधी मला घरी बसवा."