तिसऱ्या डिस्कवरचे फोटो

संशय खरा ठरला की दाजींचा आवाज खाली येतो. त्या दिवशी तो इतका खाली आला, की बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

ती फोटोग्राफर. तिचं आजवरचं सगळं काम जिन्याखालच्या सर्व्हरवर. त्यात दोन डिस्क होत्या: पहिलीवर मशीनचा कारभार, दुसरीवर फोटो. सकाळी तिच्या धाकट्या भावाने मधल्या मोकळ्या कप्प्यात स्वतःची कोरी डिस्क बसवली होती. हा भाऊ लवकरच स्वतःचा स्टुडिओ काढणार होता, हे दाजी विसरले नव्हते.

"आपली दुसरी डिस्क बघ, धुऊन काढल्यासारखी. आणि याची तिसरी? तुझ्या फोटोंनी गच्च."

"ताई, मी काही हलवलं नाही," मेहुणा म्हणाला.

"मग फोटोंना पाय फुटले असतील. आता सगळे परत दुसरीवर घेतो, तिसरी पुसतो, की तू मोकळा."

"पुसू नका, दाजी."

"का बरं?" दाजींनी इतक्या प्रेमाने विचारलं, की कोणीही घाबरलं असतं.

"मशीन चालू होताना ओळीने नंबर देतं. मी मधे घुसलो, म्हणून माझी दुसरी झाली, तुमची तिसरी. तुम्ही सेटिंगमध्ये लिहिलंय, दुसरी डिस्क फोटोंच्या फोल्डरला माउंट कर, म्हणजे जोड. ते बिचारं माझी रिकामी डिस्क जोडतंय."

"रचलीस छान."

"अहो, डिस्कवर तिचा स्वतःचा नंबर छापलेला असतो ना?" बायको म्हणाली. "पडद्यावर तिसरीचा काय दिसतोय तो वाचा."

दाजींनी वाचला. तिने मशीन बंद करून धुळीने माखलेली जुनी डिस्क ओढली. नंबर तोच.

"म्हणजे मी पुसली असती, तर फोटो फक्त याच्या डिस्कवर राहिले असते," दाजी म्हणाले.

"आणि ती घेऊन हा गेला असता." तिने भावाकडे पाहिलं. "गप्प बसला असतास, तर तुझं काय गेलं असतं रे?"

"माझं? काहीच नाही."

"तेच म्हणतेय."

तिने डिस्क परत बसवून मशीन चालू केलं. दाजींनी मान खाली घालून सेटिंगमधला 'दुसरी' हा शब्द खोडला आणि डिस्कचा छापील नंबर घातला. फोटो जागेवर आले. मग तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढून पासवर्ड बदलला. टाइप करताना तिने दोघांनाही तोंड फिरवायला लावलं.