मल्कूला आवतण

फेर्मिनच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, हे बासिलियाला लग्नाआधीपासून माहीत होतं. पण त्यातून एवढा घोळ होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं की पुमानं त्या महिन्यात तीन मेंढ्या नेल्या. त्यातच पठारावर वीज पडून त्यांची तांबडी गाय मेली. विजेनं मेलेलं जनावर इथं कोणी खात नाही. ते कोंडोर गिधाडाचं, म्हणजे मल्कूचं, डोंगराच्या धन्याचं. फेर्मिननं विचार केला, गाय पडलीच आहे तर रात्री पुमा येणारच. त्यानं बटाट्याच्या किडीचं होतं नव्हतं तेवढं औषध तिच्या मांसात चोळलं. इथवर तो नुसताच मूर्ख होता. पुढं त्याच्या हातांनी बापजाद्यांची सवय पाळली. मल्कूच्या चोचीला सोपं जावं म्हणून पोटाचं कातडं नीट चिरून ठेवलं, चार थेंब दारू शिंपडली आणि कड्याकडं तोंड करून साद घातली, "धनी, जेवायला या."

हे सगळं त्यानं सकाळी सूप पिता पिता सांगितलं, आणि तेही कौतुकानं.

"विष कोणासाठी घातलंस?" बासिलियानं विचारलं.

"पुमासाठी."

"आणि आवतण कोणाला दिलंस?"

फेर्मिनचा चमचा वाटीतच राहिला.

दोघं धावतच निघाले. गायीवर रचायचे दगड वाहायला म्हणून फेर्मिननं कर्नलला सोबत घेतलं. कर्नल म्हणजे कळपाचा पुढारी लामा, उंटासारख्या लांब मानेचं ओझ्याचं जनावर, कानात लाल गोंडे आणि चालण्यात भलता रुबाब. गाय पठारावर तशीच होती. तिच्याशेजारी अल्कामारी पाखरांची जोडी मरून पडली होती. अल्कामारीची जोडी दिसली की दिवस चांगला जातो म्हणतात. बासिलियानं कपाळावर हात मारला.

कड्याच्या कपारीत मल्कूचं पिल्लू होतं. दोन वर्षांत एक अंडं घालणारी ही जात, आणि खोऱ्यात जोडी उरली होती ती एवढीच. दोघं इथं मेले असते तर वर पिल्लूही उपाशी मेलं असतं, आणि मग ज्याला साद घालावी असं कड्यावर कोणी राहिलंच नसतं.

जमीन दगडासारखी गोठलेली, खणायची सोय नाही. फेर्मिन आणि कर्नल दगड आणायला लागले. ऊन तापलं, वारा वर चढला आणि मल्कूची जोडी कड्यावरून सुटली. पंख न हलवता दोघं आले नि समोरच्या खडकावर बसले. बासिलिया शाल फडकावत धावली, की नर दोन उड्या मागं सरकायचा. ती वळली, की तीन उड्या पुढं. मादी तर हललीसुद्धा नाही.

"अरे मेल्यांनो, विष आहे ते! वास येत नाही का?"

"त्यांना वासाचं कळत नाही," फेर्मिन दगड टाकत म्हणाला. "त्यांचं सगळं डोळ्यांवर."

"तुझं कशावर आहे ते सांग आधी."

दुपार जवळ आली तरी गायीचे खूरसुद्धा झाकले नव्हते. बासिलियाच्या पायांत गोळे आले, घसा बसला. नर आता इतका जवळ आला होता की त्याच्या मानेची पांढरी पिसं वाऱ्यानं हलताना दिसत होती. ती थांबली आणि तिनं कर्नलकडं पाहिलं.

"नाही हं," फेर्मिन लगेच म्हणाला.

"पोट फुटेस्तोवर खाल्लं की त्यांना उडतासुद्धा येत नाही. मग दोन दिवस इकडं बघणार नाहीत."

"मेंढी आणतो घरून."

"सगळ्या गाभण आहेत. आणि तू येईपर्यंत हे जेवून उठतील."

"कोंबडी?"

"फेर्मिन."

"बासिलिया, कळप वाचावा म्हणून तर मी विष घातलं ना गं."

"तेच तर म्हणते. मी कड्यावरचं पिल्लू उपाशी मारून कळप नाही वाचवणार. सुरी दे, नाहीतर तू कर."

ते त्यानंच केलं, ओढ्याच्या पलीकडं नेऊन. आधी गोंडे सोडले, कानात बराच वेळ काहीतरी बोलला. मग सवयीनं पोट चिरलं. या वेळी साद मात्र घातली नाही. बासिलियाला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

मल्कू पलीकडं उतरले. आधी डोळे, मग जीभ, मग पोट. गळ्याखालची पिशवी टम्म होईपर्यंत ते खात राहिले. उतारावरून उडायचा प्रयत्न करून नर पोटावर आपटला आणि तिथंच पेंगत बसला. अंधार पडेपर्यंत फेर्मिन-बासिलियानं गायीवर दगडांचा ढीग रचला. मेलेली पाखरंही त्याखाली गेली.

सकाळी घरी कुंपण उघडलं, पण कळप बाहेर पडेना. लामा दारात माना उंच करून कर्नलला शोधत राहिले. बासिलियानं हाकललं, दगड मारले, शिव्या दिल्या. काही उपयोग झाला नाही.

मग फेर्मिननं खिशातले लाल गोंडे काढून आपल्या टोपीच्या कानपट्ट्यांना बांधले आणि तो वाटेला लागला. कळप त्याच्या मागं निघाला.

वर मादी कपारीत शिरली. पिल्लाची भुकेली किरकिर खालपर्यंत ऐकू आली आणि मग थांबली. बासिलियाला हसू येत होतं, पण राग अजून उतरला नव्हता. ती कळपाच्या मागून चालू लागली.